हौशी लोकांच्या नोंदींवर पर्यावरणाचं धोरण ठरावं का?

पाणवठा :

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका प्रकल्पाची जनसुनावणी झाली. जागा तलावाला लागून आहे. पर्यावरण अहवालात पक्ष्यांची यादी अर्ध्या पानाची. कावळा, चिमणी, साळुंकी, घार, बगळा, पारवा आणि अशीच आणखी चार-पाच नावं. पाहणी मे महिन्यात केलेली. मे महिन्यात आमच्या तलावात मधोमध थोडं पाणी उरतं आणि हिवाळ्यात आलेली बदकं केव्हाच उत्तरेला गेलेली असतात. मी उभी राहिले आणि आमच्या १४ हिवाळ्यांच्या वह्या टेबलावर ठेवल्या. दर जानेवारीत, ठरलेल्या रविवारी, त्याच चार जागांवरून केलेली मोजणी. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, वह्या उघडल्या नाहीत, आणि म्हणाले, "मॅडम, हे हौशी लोकांचं काम आहे. अधिकृत संस्थेचं असतं तर जोडून घेतलं असतं."

त्यानंतर दोन रात्री झोप लागली नाही. म्हणून हा धागा.

हौशी काम कसं असतं ते आधी सांगते. जानेवारीत सव्वासहाला बांधावर पोचायचं. धुकं उठेपर्यंत नुसते आवाज. मग पूर्वेकडे पाठ करून दुर्बीण लावायची, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. शेकड्यांच्या थव्यातला एकेक पक्षी मोजता येत नाही. आधी दहा मोजायचे, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यात बसवायचं आणि तो ठोकळा थव्यावरून पुढे पुढे सरकवत न्यायचा. तलवार बदकाचा नर शेपटीवरून कळतो, थापट्या चोचीवरून. माद्या मात्र बहुतेक तपकिरी, तिथे घोटाळा होतो. म्हणून दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं, दोन्ही आकडे वहीत लिहायचे, तफावत मोठी असेल तर परत मोजायचं. ओळख पटली नाही तर 'बदक, जात ठाऊक नाही' एवढंच. ही पद्धत आमच्या डोक्यातून आलेली नाही. पक्षीशास्त्रज्ञांनी शिबिरं घेऊन शिकवली, तक्ते दिले.

आणि हे काही आजचं नाही. अमेरिकेत नाताळच्या दिवशी बंदुका घेऊन पक्षी मारण्याची चढाओढ लागायची. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवलं, की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २७ जण होते. ती गणना आजही चालू आहे. आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून होते. पाणथळ जागेला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळण्याच्या निकषांत दोन निकष थेट मोजणीचे आहेत : तिथे नियमितपणे २०,००० पाणपक्षी असावेत, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या १ टक्का पक्षी तिथे असावेत. तो १ टक्का कोण मोजतं? बहुतेक ठिकाणी आमच्यासारखेच लोक.

२०२३ चा 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा अहवाल १३ संस्थांच्या शास्त्रज्ञांनी मिळून केला, पण त्यामागच्या ३ कोटींवर नोंदी सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या. नीलपंखासारखा, आपण लहानपणी तारेवर रोज बघितलेला पक्षी इतका कमी होतोय, की त्याचा धोक्याचा दर्जा पुन्हा तपासा, अशी शिफारस त्यातून झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे. पद्धतशीर केलेल्या नोंदी उपलब्ध असतील, तर पर्यावरण अहवालात त्या विचारात घेणं बंधनकारक असावं. घ्यायच्या नसतील तर का नाही, ते लेखी द्यावं. तुम्हाला काय वाटतं?

आकडेमोड :

पाणवठाताई, तुमच्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे. मागणीला मात्र माझा विरोध आहे, आणि तो तुमच्या वह्यांवर अधिकृत शिक्का नाही म्हणून नाही.

मी आकड्यांच्याच कामात आहे. तुमच्या वह्या आणि पक्षीनिरीक्षकांच्या ॲपवर जमा होणाऱ्या कोट्यवधी नोंदी, या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नका. तुम्ही त्याच जागी, त्याच वेळी, दोघांनी मोजता. ॲपवरचा माणूस सुट्टीच्या दिवशी, गाडी जाईल तिथपर्यंत, फोटो मिळेल अशा जागी जातो. महाराष्ट्राचा नकाशा उघडून बघा. पुणे-मुंबईच्या आसपास ठिपक्यांची गर्दी आणि मराठवाड्यात मैलोन्मैल कोरं. त्या नकाशावर पक्षी दिसत नाहीत, पक्षी बघणाऱ्यांची घरं दिसतात.

आता तुमची मागणी मान्य झाली असं धरा. नोंदी विचारात घेणं बंधनकारक झालं. उद्या परभणीच्या एखाद्या माळावर प्रकल्प आला, की कंपनीचा सल्लागार म्हणेल, "नागरिकांच्या नोंदी तपासल्या, इथे एकही दुर्मिळ पक्षी नोंदलेला नाही." कारण तिथे कोणी गेलेलंच नाही. तुमच्या तलावाला वाचवणारा नियम शंभर माळांचा घात करेल. 'नोंद नाही' म्हणजे 'पक्षी नाही' असं वाचणाऱ्यांच्या हातात आपण कोलीत देतोय.

तुम्ही ज्या अहवालाचा दाखला दिलात त्याचंच घ्या. ९४२ जातींचा विचार केला आणि दीर्घकाळात काय झालं हे सांगता आलं ते फक्त ३३८ जातींबद्दल. ३ कोटी नोंदी असूनही जवळजवळ दोन तृतीयांश जातींबद्दल 'सांगता येत नाही' हेच उत्तर आहे.

आणि गिधाडांचा विचार करा. भरतपूरला गिधाडं नाहीशी होताहेत हे विभू प्रकाश यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं घरटी मोजून दाखवलं. ती डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे मरताहेत हे मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासून २००४ मध्ये कळलं. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. यात दुर्बीण घेतलेल्या रविवारच्या माणसाचा वाटा किती?

पाणवठा :

'नोंद नाही म्हणजे पक्षी नाही' हा धोका खरा आहे. मी त्या बाजूने विचार केला नव्हता.

पण ३३८ चा मुद्दा तुम्ही उलटा वाचताय असं वाटतं. बाकीच्या जातींबद्दल 'पुरेशी माहिती नाही' असं शास्त्रज्ञांनी सरळ लिहिलं, यात कामाची इभ्रत आहे. आमच्या सुनावणीतल्या अहवालात 'माहिती नाही' असा शब्द कुठेच नव्हता. एका पाहणीवर 'परिसरात महत्त्वाचे पक्षी आढळत नाहीत' असं ठोकून दिलं होतं. शिवाय त्या ३३८ पैकी २०४ जाती घटलेल्या आहेत. हे आपल्याला दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळलं असतं? देशभर पगारी माणसं नेमून तीस वर्षं मोजणी कोणी केली असती?

आणि त्या अहवालासाठी नुसते पक्षी मोजत नाहीत. दर शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत नीलपंख आला, ते बघतात. पूर्ण यादी म्हणजे जे जे दिसलं, ऐकू आलं, ओळखू आलं ते सगळं, कावळ्या-चिमण्यांसकट. त्यामुळे 'नाही दिसला' यालाही किंमत येते. हौशी माणसाच्या सवयी ओळखून त्यावर उतारा शोधणं, हेच तज्ज्ञांचं काम आहे ना?

ऱ्हाइनकाठ :

मी जर्मनीत राहतो, ड्युसेलडॉर्फच्या बाजूला. इथून अर्ध्या तासावर क्रेफेल्ड नावाचं शहर आहे. तिथल्या कीटकप्रेमी मंडळाची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आकडेमोड यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

हे मंडळ १९०५ चं. सभासद बरेचसे हौशी. म्हणजे पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि जीव मात्र भुंगे-माश्यांत अडकलेला. १९८९ पासून त्यांनी ६३ संरक्षित जागांवर तंबूसारखे सापळे लावले. उडता कीटक कापडावर आपटतो, वर चढतो आणि टोकाच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. बाटल्या ठरलेल्या दिवशी बदलायच्या, कीटक निथळून त्यांचं वजन करायचं, लिहून ठेवायचं. २७ वर्षं. २०१७ मध्ये विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर त्यांनी निष्कर्ष छापला. उडत्या कीटकांचं वजन ७६ टक्क्यांनी घटलं होतं, आणि तेही संरक्षित जागांवर.

मग काय झालं? २०१९ मध्ये शेजारच्या नव्हे, पार दक्षिणेकडच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात 'मधमाश्या वाचवा' म्हणून लोकांनी सह्यांची मोहीम काढली, १७ लाखांवर सह्या झाल्या आणि राज्याला कायदा करावा लागला. त्याच वर्षी केंद्र सरकारने कीटक संरक्षणाचा कृती कार्यक्रम जाहीर केला. रस्त्यांच्या कडेला न कापलेलं गवत आणि रानफुलं आता माझ्या मुलीला शाळेत जाताना दिसतात.

आकडेमोड :

ऱ्हाइनकाठ, तो निबंध मी वाचलाय. त्यातल्या बहुतेक जागांवर सापळा एकाच वर्षी लावलेला होता. दरवर्षी त्याच जागी मोजलं असतं तर निष्कर्ष जास्त पक्का झाला असता, आणि त्यावर टीकाही झाली. घट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण सुरुवातीलाच एखादा संख्याशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर असता, तर २७ वर्षांच्या मेहनतीतून कितीतरी जास्त हाती आलं असतं. माझं रडगाणं तेच आहे. तज्ज्ञाला शेवटी बोलावतात, बाटल्या भरून झाल्यावर.

निवृत्त_वनपाल :

धागा वाचून राहवलं नाही. ३१ वर्षं वनखात्यात काढली, पायाने जंगल तुडवलं. माझंही मत पाणवठाताईंच्या विरुद्ध जातं, पण कारण निराळं.

पहिली गोष्ट, जबाबदारी. बीटगार्डने, म्हणजे जंगलाचा एक तुकडा (बीट) सांभाळणाऱ्या वनरक्षकाने, चुकीची नोंद केली तर त्याच्याकडून खुलासा मागता येतो, त्याची वेतनवाढ थांबते. हौशी माणसाने चूक केली तर कोणाला विचारायचं? तो पुढच्या वर्षी गाव सोडून गेला, मोजणी बंद पडली, तर कोणाला नोटीस काढायची? धोरण उभं करायचं तर पाया दरवर्षी जाग्यावर असावा लागतो.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. माझ्या नोकरीच्या अखेरीस निम्म्या बीटांवर माणूस नव्हता. एक गार्ड दोन-तीन बीटं सांभाळायचा. जागा भरा म्हटलं की उत्तर यायचं, "स्वयंसेवी संस्था आहेत, निसर्गमित्र आहेत, त्यांची मदत घ्या." तुम्ही मंडळी चांगल्या मनाने फुकट काम करता आणि त्याचा आधार घेऊन सरकार आपलं काम सोडतं. मोजणी हे राज्याचं कर्तव्य आहे. ते रविवारवर ढकलू नका.

तिसरी गोष्ट, गुप्तता. एका शिकारी पक्ष्याच्या घरट्याची जागा मोबाइलवर फिरली. आठवडाभर गाड्या लागत होत्या. नर-मादीने घरटं सोडलं. पिल्लं मी स्वतः उचलली, मेलेली. पक्ष्यांच्या ॲपवर नाजूक जातींची जागा लपवतात हे मला ठाऊक आहे. पण व्हॉट्सॲपच्या गटात कोण लपवतं?

खाजण :

वनपालकाका, पिल्लांचं वाचून वाईट वाटलं. जबाबदारीच्या मुद्द्यावर मात्र बोलते. शिक्क्याचे आकडे चुकत नाहीत का? सरिस्काला २००४ पर्यंत कागदावर वाघ होते. २००५ मध्ये कळलं, जंगलात एकही नव्हता. कितीजणांची वेतनवाढ थांबली कोण जाणे, वाघ परत बाहेरून आणावे लागले.

मी मुंबईची. ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन जीव बघणाऱ्यांपैकी. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा मी हाजीअलीला पहिल्यांदा पाण्यात हात न घालता नुसती वाकून बघायला शिकले. काळ्या, चिखलमाखल्या खडकाच्या पोटाला नखाएवढी पिवळट नक्षी. ते जिवंत प्रवाळ! ज्या समुद्राला आपण गटार म्हणतो तिथे. वाघाला असतं ते, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण त्याला आहे. फेरीत समुद्रजीवांचे अभ्यासक असायचे. आम्ही फोटो टाकायचो, ओळख ते तपासायचे. मुंबईकरांना आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आहे हे कळलं ते अशा फेऱ्यांतून.

आकडेमोड :

खाजण, पण मुंबईचा किनारी रस्ता झालाच ना? उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये त्याची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, काम पुढे गेलं. प्रवाळ उचलून दुसरीकडे नेऊन लावलं. तुमच्या नोंदींचा धोरणावर परिणाम झाला असं म्हणता येईल का?

खाजण :

रस्ता झाला, ते मी रोज बघते. पण प्रवाळ उचलून का होईना, हलवावं लागलं, त्यासाठी परवानगी घ्यावी लागली. 'इथे काही नाही' असं म्हणून त्यावर भराव टाकता आला नाही. मला हे पुरेसं वाटत नाही, पण शून्यही वाटत नाही. आणि गोव्यात बघा. मोले अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा रूळ, चौपदरी रस्ता आणि वीजवाहिनी, असे तीन प्रकल्प २०२० मध्ये आले. शास्त्रज्ञ, विद्यार्थी, वकील, चित्रकार, सगळ्यांनी मिळून ते अहवाल ओळीओळीने वाचले, चुका काढल्या, पत्रं लिहिली. सर्वोच्च न्यायालयाला सल्ला देणाऱ्या केंद्रीय सक्षम समितीने २०२१ मध्ये दुहेरी रुळाच्या विरोधात मत दिलं आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रुळाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तिथे तज्ज्ञ व्यासपीठावर नव्हे, लोकांच्या बाजूला येऊन बसले होते.

गावठाण :

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट सुटतेय. 'बंधनकारक' केल्याने काय होतं ते आपल्या राज्याने बघितलंय.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची. मूळ कल्पना माधव गाडगीळ यांची, आणि फार सुंदर कल्पना. गावातल्या वैदूला, गुराख्याला, मासेमाराला, सुईणीला जे ठाऊक आहे ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचं. वर्षानुवर्षं कोणी हललं नाही. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, त्यानंतर राज्याने महिन्याला १० लाख रुपये भरपाई द्यायची. आणि एकदम धावाधाव. मी तेव्हा आमच्या पंचायतीत होतो. एक कंत्राटदार आला, दोन तास थांबला, सरपंचांचा आणि शाळेचा फोटो काढला. पंधरा दिवसांनी नोंदवही आली. बांधीव, रंगीत. त्यात आमच्या कोरडवाहू गावात खेकड्यांच्या आणि माशांच्या अशा जाती होत्या, की म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. दुसऱ्या तालुक्यातली पानं तशीच आली होती. आमच्या ग्रामसभेने ठराव केला म्हणून सही आहे. मीही हात वर केला होता. त्याची आजही लाज वाटते.

तेव्हा ताई, कायद्याने सक्ती केली की विज्ञान येत नाही, छापखाना येतो.

पाणवठा :

गावठाणदादा, हे वाचून गप्प झाले. पण मग उपाय काय? सक्ती नको म्हटलं, तर वह्या टेबलावरच राहतात.

गावठाण :

उपाय मला मेंढा-लेखाला दिसला. गडचिरोलीतलं ते गाव, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. तिथे अभ्यासगट चालायचे. बाहेरचे जाणकार यायचे, गावकऱ्यांबरोबर बसायचे, बांबू किती, तोड कशी, हे सगळे मिळून तपासायचे. आणि निर्णय ग्रामसभेचा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. तिथे मोजणारा आणि ठरवणारा एकच आहे. हिवरे बाजारचंही तसंच. पाऊस गावात मोजतात, विहिरींची पातळी बघतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून यंदा कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. त्याला मंत्रालयाचा शिक्का लागत नाही.

आकडेमोड :

यावर एक जुना अभ्यास आठवला, म्हणून माझ्याच विरुद्ध जाणारी गोष्ट लिहितो. २०१० मध्ये जगभरातल्या १०४ निसर्ग-नोंदणी योजना तपासल्या होत्या. शास्त्रज्ञांनीच केलेल्या योजनांचे निष्कर्ष निर्णयात उतरायला साधारण ३ ते ९ वर्षं लागत होती. गावातल्या लोकांनी केलेल्या नोंदींवर गावपातळीवर वर्षाच्या आत निर्णय होत होते. पण यात एक गोम आहे. गावचे निर्णय गावापुरते. देशाचं किंवा जगाचं धोरण बदलायला शास्त्रज्ञांच्याच नोंदी जास्त कामी आल्या होत्या. बदकं गावात राहत नाहीत. ती सीमा ओलांडून येतात. तुमच्या तलावाचा आकडा आणि मध्य आशियातल्या तलावाचा आकडा एकाच पद्धतीचा असेल तरच पक्षी कमी झाले की नुसते दुसरीकडे गेले ते कळणार.

ऱ्हाइनकाठ :

म्हणूनच घानाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. समुद्रकिनाऱ्यावर स्वयंसेवक कचरा वेचतात तेव्हा बाटल्या, पिशव्या, जाळ्यांचे तुकडे असं मोजून तक्त्यात भरतात. घानाच्या सांख्यिकी खात्याने तो तक्ता फेकून दिला नाही. तज्ज्ञांना बरोबर घेऊन तपासला, निकषात बसवला आणि संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमधल्या सागरी प्लास्टिकच्या निर्देशकासाठी अधिकृत आकडा म्हणून वापरला. असं करणारा तो पहिला देश. हे श्रीमंत देशाने केलेलं नाही, आपण का करू शकत नाही?

आकडेमोड :

बघा, शेवटी चाळणी सांख्यिकी खात्यानेच लावली. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. मला नागरिक नकोत असं नाही, चाळणी हवी.

निवृत्त_वनपाल :

आणि ती चाळणी धरायला खात्यात पगारी माणूस हवा. माझा मुद्दा तिथेच आहे.

माळावरचा :

मी सोलापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. पुण्यात शिकतोय. हा धागा वर्गातल्या मैत्रिणीने पाठवला.

तुम्ही सगळे नागरिक नागरिक म्हणताय, ते कोण? माझे वडील चाळीस वर्षं माळ फिरताहेत. माळढोक शेवटचा कुठे बघितला, लांडगीण कुठल्या ओघळीत पिल्लं घालते, कुसळी गवत कुठे संपलं आणि कधीपासून, सगळं त्यांना पाठ आहे. त्यांच्याकडे ॲप नाही. ॲपवर पक्ष्यांची नावं मराठीत येतात, पण ती पुस्तकातली. आमच्याकडची नावं वेगळी. सरकारच्या नकाशात आमचा माळ 'पडीक जमीन' आहे. पडीक म्हटलं की सौरऊर्जा आणा, झाडं लावा, काहीही करा. त्या नकाशावर कोणत्या तज्ज्ञाची सही आहे ते मला माहीत नाही, पण वडिलांना कोणी विचारलं नव्हतं हे माहीत आहे.

पाणवठाताई, राग मानू नका, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट खटकली. 'मे महिन्यात बदकं गेलेली असतात' म्हणून ती पाहणी तुम्ही फुकट ठरवली. मे महिन्यात तलाव रिकामा नसतो. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर आम्ही मेंढरं घालतो, तेव्हा वडील पुढे चालतात आणि काठीने वाट वळवतात. कारण तिथे अंडी असतात. टिटवीची, माळटिटवीची, आणि त्या छोट्या चिखल्याची, ज्याच्या गळ्यात काळा पट्टा असतो. खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. तुमच्या १४ वर्षांच्या वह्यांत ती आहेत का?

पाणवठा :

नाहीत.

राग कसला मानू. तुमची पोस्ट तीनदा वाचली, मग वह्या काढून बघितल्या. १४ वर्षांत मे महिन्याची एकही नोंद नाही. जानेवारीत टिटव्या मोजल्यात, पण त्या तिथेच अंडी घालतात का, हे कधी बघितलंच नाही. कंठेरी चिखल्या तर आम्ही 'इतर' या रकान्यात टाकत होतो. त्या अहवालवाल्यांनी मे महिन्यात येऊन पाण्याच्या कडेच्या जमिनीकडे बघितलं नाही, आणि मी मे महिन्यात आलेच नाही. आकडेमोड यांचं 'नोंद नाही म्हणजे पक्षी नाही' हे वाक्य मी मान्य केलं होतं, पण ते माझ्या वहीलाही लागू होतं, हे तुम्ही दाखवलंत.

माझी मागणी मी सोडत नाही, बदलते. नोंदी विचारात घ्याव्यात, पण 'नोंद नाही' हे कारण कोणत्याही परवानगीसाठी वापरता येऊ नये. आणि पाहणी करणाऱ्याने त्या जमिनीवर गुरं-मेंढरं चारणाऱ्यांशी बोलून त्यांचं म्हणणं अहवालात लिहावं, त्यांना वाचून दाखवून. गावठाणदादा, छापखाना येऊ नये म्हणून त्या पानावर बोलणाऱ्याचा अंगठा किंवा सही असावी, ग्रामसभेची नव्हे. चालेल का?

गावठाण :

अंगठा देण्याआधी वाचून दाखवलं, याला दोन साक्षीदार गावातलेच. मग चालेल.

आकडेमोड :

'नोंद नाही हे कारण नको' एवढं आलं तर माझा विरोध निम्मा संपला. उरलेला निम्मा वह्यांबद्दल आहे. दोघांनी वेगवेगळे मोजलेले आकडे तुम्ही जपून ठेवलेत ना? चौदाही वर्षांचे? ते फार कमी लोकांकडे असतात. त्यावरून मोजणाऱ्याची चूक किती असते ते काढता येईल, आणि मग कोणी 'हौशी' म्हणालं तर चूक किती ते सांगून बोलता येईल. पानांचे फोटो पाठवा, मी भरून घेतो. प्रत्येक वर्षीची पाण्याची पातळी लिहिली आहे का?

पाणवठा :

आहे, पण मोजपट्टीची नाही. 'बांधाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत', 'वडाच्या मुळापर्यंत' अशी. २०१६ चं एक पान भिजलंय, त्यातला दुसऱ्याचा आकडा वाचता येत नाही.

निवृत्त_वनपाल :

पायऱ्या आहेत तर उंची मोजून घेता येते. मी येतो टेप घेऊन. पाटबंधाऱ्याच्या नोंदीही मागून बघू, त्यांच्याकडे पातळी असायला हवी.

माळावरचा :

मे महिन्यात वडील तुमच्याच भागात असतात, वाट ठरलेली आहे. त्यांना विचारलं. म्हणाले, येऊ दे बाईंना, पण सकाळी लवकर, ऊन चढलं की पक्षी अंड्यावरून उठवायचा नाही, अंडी शिजतात. आणि चारापेक्षा जास्त माणसं नकोत.

पाणवठा :

दोघीच येऊ. घरट्यांची जागा वहीत लिहीन, इथे लिहिणार नाही.